पंधरा वॅटचा संसार

आकड्याचा मोह मध्यमवर्गीय माणसाला फार. मिक्सर घ्यायचा तर साडेसातशे वॅटचा, मग त्यात वाटायची असेना का चार माणसांची चटणी. पंखा घ्यायचा तर पाच वेगांचा. आणि घरी आणल्यावर तो वर्षभर तीनवर चालवायचा, कारण पाचवर लावला की टेबलावरचे वर्तमानपत्र शेजाऱ्यांच्या अंगणात जाते. आकडा आपण वापरायला घेत नाही, चारचौघांत सांगायला घेतो. खोड तशी निरुपद्रवी. पण अलीकडे घरांत एक असे यंत्र शिरू लागले आहे, की त्याच्या बाबतीत ही खोड खिशालाही महाग पडते आणि वर मनस्ताप देते. दिवाळीच्या खरेदीत मुले त्याच्यासाठी हट्ट धरू लागली आहेत, म्हणून या अंकात त्याचाच विचार करू.

या यंत्राला हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणतात. दिसायला ते खेळण्यासारखे. मध्ये सातेक इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना मुठी, अंगठ्यांखाली दोन जॉयस्टिक आणि भोवती बटणे. पोटात मात्र पुरा संगणक असतो. टेबलावरच्या संगणकावर चालणारे गेम तो हातात धरून खेळू देतो. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे ‘स्टीम डेक’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आले आणि या जातीच्या यंत्रांना जगभर ओळख मिळाली. आपल्याकडे असूस कंपनीचे ‘आरओजी ॲलाय’ जुलै २०२३ मध्ये विक्रीला आले, तेव्हा त्याची किंमत होती ६९,९९० रुपये. सत्तर हजाराला दहा रुपये कमी! त्या दहा रुपयांचा दिलासा केवढा, हे गिऱ्हाइकाने ठरवावे.

तर अशा एका यंत्राविषयी तुमसरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा नागपूरला इंजिनियरिंगला आहे आणि तुमसर रोड स्टेशनावरून रोज अप-डाउन करतो. आजोबांनी दिलेले पैसे आणि धानाच्या बोनसाचा काही भाग मिळून यंत्र घेतले. त्या लिहितात, “गेम चालता चालता अडकतो. यंत्र हातात धरवत नाही इतके तापते. सकाळच्या गाडीत बॅटरी कामठी यायच्या आत संपते. एका गेममध्ये तर बाबू एक बटण दाबतो आणि भलतेच घडते. दुकानदार म्हणतो, हे परत द्या, आणखी तीस हजार घाला आणि वरचे मॉडेल न्या. बाबूचे मन तिकडे आहे. त्याचे बाबा म्हणतात, मुळात हे विकूनच टाक. पंधरा दिवस दोघे एकमेकांशी धड बोलत नाहीत. यंत्र खरेच वाईट निघाले का, एवढे सांगा.”

यंत्र कोणत्या कंपनीचे, हे पत्रात नाही; त्याची गरजही नाही. पत्रात सांगितलेली सगळी लक्षणे चांगल्यातल्या चांगल्या यंत्रातही दिसतात. आमचा अंदाज असा की यंत्र वाईट नाही. फक्त त्याचा संसार अजून कोणी मांडलेला नाही.

त्या संसाराची मिळकत वॅटमध्ये मोजायची. आपल्या घरातला साधा एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. टेबलावरच्या मोठ्या गेमिंग संगणकात चित्रे रंगवणारे नुसते ग्राफिक्स कार्डच दोनशे-तीनशे वॅट खाते. आणि या हातातल्या यंत्राच्या मुख्य चिपला मिळतात साधारण पंधरा वॅट. म्हणजे दोन दिव्यांपेक्षाही कमी! स्टीम डेकच्या चिपची मर्यादाच ४ ते १५ वॅट अशी ठरवलेली आहे. आरओजी ॲलायमध्ये बॅटरीवर १०, १५ आणि २५ वॅट असे तीन टप्पे आहेत. एवढ्याशा मिळकतीत गेमचा सगळा प्रपंच चालवायचा. त्यात उधळपट्टी खपत नाही.

ही गोष्ट भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. हा तलावांचा जिल्हा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला, तरी हे नाव दोघांनाही शोभते. कोहळी समाजाच्या जुन्या पिढ्यांनी बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले ते तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ठाऊक आहे की तलाव केवढा आहे यावर धान पिकत नाही. पाणी कसे वाटले यावर पिकते. वरच्या बांधीवाल्याने रात्रभर तोंड उघडे ठेवले, तर टोकाच्या बांधीला सकाळी चिखलसुद्धा मिळत नाही.

यंत्राच्या चिपमध्येही अशा दोन बांध्या शेजारी शेजारी आहेत. एक हिशेबाची, तिला सीपीयू म्हणतात. शत्रू कुठून आला, दगड कुठे पडला, हे ती ठरवते. दुसरी चित्रांची, म्हणजे जीपीयू. ठरलेले सगळे ती पडद्यावर रंगवते. दोघींना पाणी एकाच तलावाचे. विंडोज चालणाऱ्या यंत्रात सीपीयूला मधूनमधून जोराने धाव घेण्याची मुभा असते. तिला ‘बूस्ट’ म्हणतात. ही धाव पुष्कळदा गरज नसताना घेतली जाते आणि तेवढे पाणी जीपीयूच्या वाट्यातून जाते. म्हणून अनेक गेममध्ये सीपीयूचा बूस्ट बंद केला की चित्रे उलट अधिक सुरळीत होतात आणि यंत्रही निवते. सगळ्याच गेममध्ये असे होत नाही. पण करून पाहायला पैसा पडत नाही.

आता बॅटरीचा हिशेब मांडू. पहिल्या स्टीम डेकची आणि पहिल्या ॲलायची बॅटरी ४० वॅट-तासांची. चिपला २५ वॅट दिले आणि पडदा, पंखा, मेमरी यांचे पाच-सात वॅट त्यात मिळवले, तर खर्च गेला तीस-बत्तीसवर. चाळीस भागिले एकतीस, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. कामठीच्या आधी यंत्र का विझते, याचे उत्तर इथेच मिळाले. तेच यंत्र दहा वॅटवर ठेवले तर एकूण खर्च सोळा-सतरा. बॅटरी सव्वादोन-अडीच तास चालेल. म्हणजे नागपूर गाठून परतीच्या गाडीसाठी थोडी शिल्लकही राहील. वरच्या काही मॉडेलांत बॅटरी दुप्पट असते हे खरे; २०२४ च्या ‘ॲलाय एक्स’मध्ये ती ८० वॅट-तासांची आहे. पण दुप्पट पगार मिळाल्याने उधळ्या माणसाचा महिना निघतोच असे नाही.

मग दहा वॅटमध्ये गेम चालेल का? इथे आकड्याचा मोह पुन्हा आडवा येतो. पडद्यावरची हालचाल म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रे. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम मिळाल्या की मुले खूश, नव्वद मिळाल्या की मित्रांना दाखवतात. पण डोळ्याला खुपते ते वेगाचे कमी असणे नव्हे, वेगाचे एकसारखे नसणे.

पंगतीचे उदाहरण घ्या. जिलेबीवाला दर पाच मिनिटांनी ठरल्यासारखा येत असेल तर कोणाची तक्रार नसते. पण एकदा दोन मिनिटांत आला, मग पंधरा मिनिटे फिरकलाच नाही आणि पुन्हा लागोपाठ तीनदा आला, तर जिलेबी भरपूर असूनही पंगत रुसते. गेमचेही तसेच आहे. क्षणात ७० आणि क्षणात ३५ अशा फ्रेम पडल्या की सरासरी चांगली दिसते, पण खेळ अडखळतो. त्यापेक्षा ४० फ्रेमची मर्यादा घालून त्या अखंड ४० ठेवाव्यात.

चाळीसच का, यामागे साधे गणित आहे. साठ फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद, तीस म्हणजे ३३.३, चाळीस म्हणजे २५. वेळेच्या हिशेबात चाळीस हे तीस आणि साठ यांच्या अगदी मधोमध येते. म्हणजे वीस फ्रेम सोडल्या, तरी तीस आणि साठ यांतली अर्धी सुधारणा हातात राहते, आणि वॅट बरेच वाचतात. मात्र पडद्याचा वेग त्याला जुळला पाहिजे. पडदा सेकंदाला १२० वेळा उजळणारा असेल तर प्रत्येक चित्र बरोबर तीन वेळा दिसते आणि ताल चुकत नाही. पहिल्या स्टीम डेकमध्ये पडद्याचाच वेग चाळीसवर आणता येतो. साठवर अडकलेल्या पडद्यावर मात्र चाळीसचा ताल बसत नाही. तिथे सरळ तीसच ठेवावे.

दुसरी काटकसर चित्राच्या बारीकपणात करायची. पडदा १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असला, म्हणजे प्रत्येक चित्रात वीस लाखांहून अधिक ठिपके रंगवायचे. तेच चित्र १२८० बाय ७२० वर आणले की ठिपके राहतात सव्वानऊ लाखांच्या आत. काम निम्म्याहून कमी! आणि सात इंची पडद्यावर हातभर अंतरावरून हा फरक घरातल्या आजोबांना तर नाहीच, पण नातवालाही शोधावा लागतो. शिवाय लहान चित्र हुशारीने मोठे करून दाखवण्याची युक्ती आता बहुतेक नव्या गेममध्ये असते. एएमडी कंपनीने २०२१ मध्ये काढलेली ‘एफएसआर’ ही त्यांतलीच एक. गेमच्या सेटिंगमध्ये ती सापडली तर लावून पाहावी.

त्यानंतर सावल्या आणि पाण्यातली प्रतिबिंबे. सेटिंगच्या पानावर यांच्यापुढे ‘अल्ट्रा’, ‘हाय’ असे शब्द असतात. सावल्या ‘लो’ किंवा ‘मीडियम’वर आणल्या की मोठी बचत होते आणि खेळण्याच्या भरात कोणाच्या लक्षातही येत नाही. भिंतींचा, कापडांचा पोत ज्याला ‘टेक्श्चर’ म्हणतात, तो मात्र लगेच कमी करू नये. तो मुख्यतः मेमरी घेतो, वॅट फारसे घेत नाही. पण या यंत्रांत चिपच्या दोन्ही बांध्या एकच मेमरी वाटून घेतात. पुष्कळ यंत्रांत ती १६ जीबी असते. म्हणून मागे ब्राउझर, डाउनलोड आणि गप्पांची चार ॲप उघडी ठेवून गेम सुरू केला, तर घरात आधीच चार पाहुणे बसलेले असताना पंगत मांडल्यासारखे होते. खेळण्याआधी पाहुण्यांना निरोप द्यावा. विंडोजचे हे ओझे इतके जाणवू लागले, की ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘आरओजी एक्सबॉक्स ॲलाय’वर मायक्रोसॉफ्टने नेहमीचा डेस्कटॉप बाजूला ठेवून थेट गेमच्या पडद्यावर उतरण्याची सोय दिली.

आणखी एक अडखळणे असते, आणि त्याला घाबरून पुष्कळ लोक यंत्र परत करतात. नवा गेम पहिल्यांदा खेळताना प्रत्येक नव्या जागी एकेक झटका बसतो. याचे कारण ‘शेडर’. प्रकाश आणि रंग कसे पडावेत याच्या या कृती; त्या यंत्राच्या चिपला समजतील अशा आधी तयार कराव्या लागतात. भाजणी आधी भाजून ठेवली असेल तर चकल्या भराभर पडतात. पाहुणे आल्यावर धान्य भाजायला घेतले तर स्वयंपाकघरात जे होते, तेच इथे होते. म्हणून गेमने सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’ असे सांगितले तर ते काम पुरे होऊ द्यावे, आणि तेही चार्जर लावून, गाडीत बसून नव्हे. स्टीम डेकवर पुष्कळ गेमचे शेडर तयार होऊनच उतरतात, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

आता तापण्याविषयी. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकांपेक्षा आमच्या विदर्भातल्या वाचकांना अधिक जवळचा. जुलै २०२२ मध्ये युरोपात उन्हाची लाट आली तेव्हा व्हॉल्व्हने जाहीर केले, की स्टीम डेक भोवतालच्या ० ते ३५ अंश तापमानात नीट चालते. चिप १०० अंशांवर गेली की ती आपणहून वेग कमी करते आणि १०५ वर यंत्र बंद होते. पस्तीस अंश! नवतप्यात भंडाऱ्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा पस्तीस अंश म्हणजे आपली रम्य पहाट. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी गेम अडखळला तर तो यंत्राचा बिघाड नसतो. यंत्र स्वतःला वाचवत असते. तेव्हा दहा वॅटवर खेळावे किंवा संध्याकाळची वाट पाहावी.

पितळेसाठी नाव मिळवलेल्या या गावात आणखी एक सांगायला हरकत नाही. यंत्राच्या पोटातली उष्णता बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या पितळेच्या नसतात, तांब्याच्या असतात. कारण पितळ दिसायला कितीही देखणे असले तरी उष्णता वाहून नेण्यात ते तांब्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाला येते. त्या नळीत थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवून पुन्हा पाणी होते, आणि तिथली उष्णता पंखा बाहेर फेकतो. हा पंखा जिथून हवा घेतो त्या मागच्या जाळ्या गादीवर, उशीवर किंवा चादरीत दाबल्या, की सगळी कारागिरी फुकट. यंत्र लोळून खेळण्याची मुलांची आवड आम्हाला ठाऊक आहे. पण लोळणाऱ्याने यंत्र तरी उभे धरावे. चार्जवर लावून सतत खेळणाऱ्यांनी बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये शोधावी. बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेपण या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत.

पत्रातली शेवटची तक्रार बटणांची. बटण दाबले आणि भलतेच घडले, हा दोष बोटांचा नाही, भाषेचा आहे. संगणकाचे गेम मुळात कीबोर्ड आणि माउस यांच्यासाठी लिहिले जात. २००५ साली एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर आला आणि त्याच्याबरोबर ‘एक्सइनपुट’ नावाची बोली रूढ झाली. आज बहुतेक गेम ही बोली जाणतात आणि हातातली यंत्रेही तीच बोलतात. पण त्याआधीचे गेम किंवा केवळ माउससाठी केलेले गेम ती जाणत नाहीत. तिथे दुभाषा लागतो. स्टीमच्या दुभाषाला ‘स्टीम इनपुट’ म्हणतात; अमुक बटण म्हणजे कीबोर्डवरची अमुक कळ, उजवी जॉयस्टिक म्हणजे माउस, असे तो गेमला सांगतो. आपण मांडणी करावी, नाही तर इतरांनी करून ठेवलेली उचलावी.

घोटाळा होतो तो दुभाषे दोन झाल्यावर. स्टीमचा एक आणि यंत्राबरोबर आलेल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचा दुसरा. दोघेही एकाच दाबाचे भाषांतर करतात, आणि गेमला एक उडी दोनदा ऐकू येते, किंवा मेनूतली खूण एक घर सोडून पुढे जाते. अशा वेळी एकाला रजा द्यावी. दुसरा घोटाळा अक्षरांचा. एक्सबॉक्सच्या मांडणीत ‘ए’ हे बटण खाली आणि ‘बी’ उजवीकडे. निन्टेन्डोच्या मांडणीत बरोबर उलट. गेम एका घराण्याची अक्षरे दाखवत असेल आणि कंट्रोलर दुसऱ्या घराण्याचा असेल, तर ‘होय’ म्हणायला गेले की ‘नको’ होते. आणि बोट न लावता गेममधला माणूस आपणच एका बाजूला सरकू लागला, तर जॉयस्टिकच्या मध्याची निष्क्रिय जागा, म्हणजे ‘डेड झोन’, थोडी वाढवावी.

या सोयीला केवळ खेळापुरते समजू नये. साकोलीच्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत आमच्या कानावर आली. पक्षाघातानंतर त्यांचा डावा हात अधू झाला. नातवाने यंत्र उशीवर, जाळ्या मोकळ्या राहतील असे टेकवून ठेवले आणि डाव्या हाताची सगळी कामे उजव्या बाजूच्या व मागच्या बटणांवर आणून दिली. गुरुजी आता रोज संध्याकाळी नातवाबरोबर बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा एक गेम खेळतात. उजव्या हाताने, पण स्वतःच्या हाताने! बाहेरच्या जगात या गरजेची दखल मोठ्या कंपन्यांनीही घेतली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळाडूंसाठी खास कंट्रोलर काढला. त्याला हवी ती बाहेरची बटणे जोडता येतात.

गेम घेण्याआधीच चौकशी केली तर निम्मा त्रास टळतो. व्हॉल्व्ह स्टीम डेकसाठी गेम तपासून त्यांना ‘व्हेरिफाइड’, ‘प्लेएबल’, ‘अनसपोर्टेड’ अशा खुणा देते. न तपासलेल्याला ‘अननोन’ म्हणते. गेम कंट्रोलरवर पुरता चालतो का आणि छोट्या पडद्यावर अक्षरे वाचता येतात का, हे त्यात पाहिले जाते. यंत्र दुसऱ्या कंपनीचे असले तरी या दोन बाबींसाठी ती खूण उपयोगी पडते. उलट काही ऑनलाइन सामन्यांचे गेम फसवणूक रोखणाऱ्या त्यांच्या व्यवस्थेमुळे डेकवर चालतच नाहीत. तिथे कितीही सेटिंग फिरवून काही होत नाही.

ही सारी काटकसर गरिबीचे लक्षण आहे, असे मुलांना वाटू नये म्हणून थोडा इतिहास सांगतो. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांना आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला दिसला, आणि त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हा खिशातला खेळ निघाला. आज प्रत्येक कंट्रोलरवर दिसणारे अधिकचिन्हासारखे दिशादर्शक बटण हेही त्यांचेच, १९८२ चे. पुढे १९८९ मध्ये त्यांच्या हाताखाली ‘गेम बॉय’ तयार झाला. त्याला रंग नव्हते. पण चार पेन्सिल सेलवर तो पंधरा तास चाले. पुढच्याच वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ आला. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ, पण सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त. शेवटी गेम बॉय, त्याच्या रंगीत धाकट्या भावासकट, अकरा कोटींहून अधिक खपला. गेम गिअर एक कोटीच्या आसपास राहिला. आकडा मोठा कोणाचा होता आणि संसार कोणाचा टिकला, हे मुलांनीच सांगावे.

आपल्या महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने केलेला ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम आला तो बलाढ्य संगणकावर नव्हे, तर निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या हातात धरायच्या यंत्रावर. ते यंत्र २०१७ चे, आणि ताकदीने बेताचेच. तरी त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या नामांकनांत राजीचे नाव होते. पदरी असलेल्या साधनात नीटस काम बसवणे ही कला आहे, आणि ती आपल्या माणसांना येते.

तेव्हा तुमसरच्या भगिनींना आमचा सल्ला असा. तीस हजार तूर्त कपाटातच राहू द्या. तीन संध्याकाळी काढा. पहिल्या संध्याकाळी मागची ॲप बंद करून, शेडर तयार होऊ देऊन, चित्र ७२० वर आणि फ्रेमची मर्यादा ४० वर ठेवून अर्धा तास खेळून पाहा. दुसऱ्या संध्याकाळी वॅट १५ वरून एकेकाने खाली आणा, आणि गेम अडखळू लागेल त्याच्या वर एक पायरी थांबा. तिसऱ्या संध्याकाळी बटणांचा एकच दुभाषा ठेवून मांडणी नीट करा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाही तर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रत्येक गेमची मांडणी वहीत लिहून ठेवावी, कारण एका गेमचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

एवढे करूनही एखादा नवा, अवजड गेम चाललाच नाही, तर तो गेम या यंत्राचा नव्हे असे समजून सोडून द्यावा. मात्र काहीही न चालवता यंत्र तापत असेल, पंखा खडखडत असेल, डेड झोन वाढवूनही जॉयस्टिक आपोआप सरकत असेल, तर तो खरा बिघाड. हमीची मुदत असेतो अधिकृत सेवा केंद्र गाठावे. आणि पाठ फुगलेली दिसली, तर बॅटरी फुगली असे धरून यंत्र त्याच क्षणी बंद करावे. ते चार्जला तर मुळीच लावू नये.

राहिला बाप-लेकांचा अबोला. त्यावर यंत्रात सेटिंग नाही. पण वही धरायला एक माणूस लागेल आणि बटणे दाबायला दुसरा. ठरलेल्या पगारात शाळेची फी, किराणा, आजारपण आणि दिवाळी बसवत आलेल्या वडिलांना फ्रेम म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल. पण कोणता खर्च आधी कापायचा आणि कोणता शेवटपर्यंत कापायचा नाही, हे त्यांच्याइतके त्या इंजिनियर होऊ घातलेल्या मुलाला ठाऊक नाही. वही त्यांच्याच हाती द्यावी. तीस हजार वाचले तर ते कुठे लावायचे, हा पुढचा हिशेब त्या दोघांनीच बसून करावा.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.